चौथ्यांदा उभा राहिलेला नारळ

जमिनीखालचं पाणी शोधायला तळहातावर आडवा नारळ घेऊन मी बिल्डरच्या मोकळ्या प्लॉटांवरून चालत होतो आणि तो मागून घाम पुसत येत होता. पाणी कुठून देणार हे दाखवल्याशिवाय त्याच्या नव्या बंगल्यांना परवानगी मिळणार नव्हती. मी दाखवलेल्या तीन जागी त्याने बोअर मारले होते. तिन्हीतून नुसता फुफाटा उडाला होता.

"पाणाड्या, आज चुकलास तर तुझी धडगत नाही," तो म्हणाला.

खाली पाणी असलं की हातावरचा नारळ उभा राहतो, असं लोक मानतात. पण नारळ काही आपोआप उभा राहत नाही, अंगठ्याने करावा लागतो. तिन्ही वेळा मी तो मुद्दाम कोरड्या खडकावर उभा केला होता. आज मी सरळ गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेल्या त्याच्या नमुना बंगल्यात शिरलो. हॉलच्या मधोमध, सोफ्यासमोर, नारळ ताठ उभा राहिला.

"इथे? दुसरीकडे बघ!"

"दुसरीकडं कुठंच नाही, शेठ. इथं आमच्या वस्तीची विहीर होती, भर वैशाखातही न आटणारी. तुम्ही दगडमाती टाकून बुजवलीत. तेव्हा काठावरून उठेना म्हणून एका म्हातारीला फरफटत बाजूला काढलंत, आठवतं? ती माझी आई."

तो पायाखालच्या फरशीकडे बघू लागला.

पाण्याची जागा सापडली की तिथेच नारळ फोडायची आमची रीत आहे. मी हात उंच नेला आणि सगळ्या ताकदीने त्याच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर नारळ आपटला.

आधी फरशी तडकली, मग नारळ.