डावीकडून येणाऱ्या गाड्या

"टाकून देऊ आणि नवाच घेऊ," स्तामेन म्हणाला. "म्हातारा झालाय तो. किती दिवस ठिगळं लावायची?"

स्क्रू काढता काढता इग्लिकाचा हात थांबला. फाटका मोजा न फेकणारा हा माणूस. कपाचा कान तुटला तर चिकटवणारा, खुर्चीचा पाय गेला तर नवा तासणारा. हा कॉम्प्युटर बापलेकीने याच टेबलावर जोडला होता, चिमणीने काडी काडी आणावी तसा. आधी डबा, मग बोर्ड, मग कुणाची तरी वापरलेली मेमरी. आणि आज तोच म्हणत होता, टाकून देऊ.

"आधी बघू तरी दे, बाबा. नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलून भागलं तर?"

"नाही भागायचं."

"अरे, उघडायच्या आधीच?"

तो टेबलाला आवळलेलं खेळण्याचं स्टिअरिंग उगाच पुसत राहिला.

उद्या ईस्टर होता. स्वयंपाकघरात आई अंडी लाल रंगात बुडवत होती. तिथूनच तिचा आवाज आला, "वर्षभर बस हाकतो, आणि सुट्टी घेतली तर घरात बसून पुन्हा स्टिअरिंग फिरवतो. न्हाव्याने घरी येऊन मांजर भादरावं तसं."

"झ्लात्का, तुझी अंडी फुटतील," तो म्हणाला. पण हसला नाही.

त्याची तक्रार एकच होती. शर्यतीच्या खेळात डावीकडून येणाऱ्या गाड्या हा कॉम्प्युटर वेळेवर दाखवत नाही. रस्ता मोकळा असतो, मोकळा असतो, आणि एकदम गाडी अंगावर. इग्लिका प्लोव्हदिव शहरात शिकायला गेल्यापासून दोघं आपापल्या खोलीत बसून संध्याकाळी इंटरनेटवरून एकत्र शर्यत खेळत. या हिवाळ्यापासून तो रोज हरत होता. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. दमलेलं कार्ड असंच करतं, गोष्टी पडद्यावर उशिरा काढतं. म्हणून तर मैत्रिणीकडचं नवं कार्ड मागून आणलं होतं. त्याने भागलं तर भागलं, नाही तर नवा कॉम्प्युटर.

तिने जुनं कार्ड काढलं, पंख्यांवरची धूळ फुंकली, नवं बसवलं. पडदा उजळला. दरीतलं गवत पातं पातं दिसू लागलं. स्तामेन स्टिअरिंगशी बसला. पाठ ताठ, ओठ मिटलेले. जणू कुणी त्याची परीक्षाच घेत होतं.

पूल गेला. पाइनचं रान गेलं. पुढे डाव्या फाट्यावरून एक पिवळा ट्रक उतरू लागला. इग्लिकाला तो पार वरून दिसला. आता बाबा ब्रेक दाबेल. आता दाबेल.

गाडी ट्रकवर आदळली.

"बघितलंस?" स्तामेन म्हणाला. "नवं कार्डही फुकट. सगळंच बदलायला हवं." त्याच्या आवाजात सुटका होती, आणि कपाळावर घाम.

"पुन्हा चालव," ती हळूच म्हणाली.

तो पुन्हा निघाला. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. आईला मदत करताना तिची बोटं लालभडक झाली होती. तो हात तिने त्याच्या गालाजवळ आणला. बोटं हलवली. आणखी पुढे आणली, पुन्हा हलवली.

त्याची पापणी लवली नाही.

मंगळवारी सुट्टी संपणार. मंगळवारी सकाळी हाच माणूस वरच्या गावांची बस घेऊन दरीच्या कडेने निघणार. शाळेची पोरं, चीज विकायला निघालेल्या बाया, दवाखान्याची वाट धरलेले म्हातारे. तिच्या जन्माच्या आधीपासून तो तोच रस्ता चालवत होता. रस्त्याला तो ठाऊक, त्याला रस्ता ठाऊक. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि नकोही होतं.

'नवाच घेऊ' एवढं म्हटलं असतं, तरी त्याचा चेहरा खुलला असता. शब्द तिच्या जिभेवर आलाही होता.

तिने तो हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "बाबा, कॉम्प्युटरला काही झालेलं नाही."

स्तामेनने शर्यतीतली गाडी कडेला घेतली. नीट, मागचं बघून, सावकाश. बाकीच्या गाड्या भर्रकन निघून गेल्या.

"म्हणजे नवा नको?"

"नको. जुनं कार्डही चालेल. तो ट्रक पार वरून दिसत होता, बाबा." तिने त्याचा खांदा घट्ट धरला. "मंगळवारी बस नेऊ नकोस. मी पाया पडते तुझ्या."

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "गेल्या सोमवारी वळणावर डावीकडून घोडागाडी आली. आत एक बाई, मांडीवर पोर. मला दिसलीच नाही. थांबला तो घोडा. मी नाही."

इग्लिका त्याच्याशेजारी खाली बसली.

"बसची चावी त्याच संध्याकाळी डेपोत देऊन आलो. तुझ्या आईला सांगितलं, सुट्टी घेतलीय." त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "म्हटलं, तू येशील, हे उघडून बघशील. तू कॉम्प्युटरचा दोष काढला असतास ना पोरी, तर मंगळवारी चावी परत मागायला गेलो असतो."