सूर्य स्थिरावत नव्हता

ध्रुवाजवळच्या त्या लाकडी खोलीत शेगडी लावायला सक्त मनाई होती. तिथे सूर्य महिनोन्महिने मावळत नाही, त्यामुळे त्याचा दाणेदार पृष्ठभाग कसा खदखदतो ते दुर्बिणीतून सलग पाहता येतं. पण दुर्बिणीच्या तोंडापुढे जराशी गरम हवा आली, की पडद्यावरचं चित्र थरथरायला लागतं. आज आठवड्याने ढग हटले होते आणि चित्र थरथरत होतं.

"कोणीतरी आत ऊब आणलीय," दुर्बिणीच्या तोंडाखाली उभे राहून सर गरजले. चढ चढून आल्या आल्या त्यांनी टोपी खुंटीला लावली होती. टोपीत आपलं डोकं चालत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मग झडती सुरू झाली. सहायिकेचा थर्मास बाहेर गेला, पाठोपाठ तिची गरम पाण्याची पिशवी. श्वास मफलरमध्येच सोडायचा, असं फर्मान निघालं. तिचे दात कडकडा वाजायला लागले, पण सूर्य काही केल्या स्थिरावेना.

शेवटी सर तणतणत तसेच बोडक्या डोक्याने बाहेरची भिंत चाचपायला गेले. दार लागलं, आणि पडद्यावर सूर्याचा उकळता दाणा न् दाणा स्वच्छ दिसायला लागला.

"काही फरक?" बाहेरून आवाज आला.

"एकदम स्थिर, सर."

"बघ. उष्णता शोधल्याशिवाय मी सोडत नाही."

तिने खिडकीतून पाहिलं. बर्फात उभ्या सरांच्या टकलावरून आधणासारख्या वाफा निघत होत्या. तिने खुंटीवरची टोपी काढली आणि दार किलकिलं केलं.

"सापडली, सर. ही घातल्याशिवाय आत यायला सक्त मनाई आहे."