बोलता फोन

विश्वास ठेवायचा तर ठेवा. फुटक्या स्क्रीन बदलणाऱ्या कारागिराकडे काकू आल्या त्या मुळी स्पीकरवर नणंदेशी भांडतच.

"आधी फोन बंद करा, काकू. काचेखालचा गोंद सुटायला तो गरम तव्यावर ठेवावा लागतो."

"बंद करून कसं चालेल? जी आधी फोन ठेवील ती हरली. चालू फोनचीच काच काढ."

कारागिराने बोलता फोन तव्यावर ठेवला. गोंद जरा मऊ झाला, तशी पलीकडची नणंद ऐन टोमण्यात अडखळली.

"वहिनी, इथे एकाएकी भलतंच उकडतंय. घामाच्या धारा लागल्यात. ठेवते मी."

कारागिराने नवी काच उचलली.

"काच मागाहून बसव रे," काकू म्हणाल्या, "हा तवा केवढ्याला देतोस?"