बारापटीची दुर्बीण

"माल खराब हाय." मालोजींनी दुर्बीण काउंटरवर ठेवली. "आतलं चित्र हलतंय."

सिराजने ती उचलली. कर्जत स्टेशनजवळ त्याचं चष्म्यांचं दुकान. हल्ली पक्षी बघणारे वाढले म्हणून तो दुर्बिणीही ठेवतो. दारात उभं राहून त्याने समोरच्या तारेवरचा वेडा राघू पाहिला. राघू आणि तार, दोन्ही जागच्या जागी होते.

"काका, परवाच बोललो होतो, आठपटीची घ्या. बारापटीत पाखरू मोठं दिसतं, तशी हाताची थरथरही मोठी दिसते."

"हात नाय हलत माझा."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. खोपोलीच्या कारखान्यात मालोजींनी चौतीस वर्षं लेथ मशीन चालवलं, कधी सुताचीही चूक नाही. निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागला, तेव्हा दुकानातली सगळ्यांत मोठी दुर्बीण घ्यायची हे ठरलेलंच होतं. आठपटीची नवशिक्यांनी घ्यावी. पण दोन दिवस सकाळी दहिवलीच्या पुलावर उभं राहून पाहिलं, तर खंड्या एक आणि दिसतायत तीन. मालोजी घाबरले होते. दुर्बीण खराब निघावी, एवढंच त्यांना हवं होतं.

सिराजने भिंग फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. आता हा खरं काय ते बोलणार, हे मालोजींना कळून चुकलं.

तेवढ्यात बाकावर बसलेल्या चंद्राबाई उठल्या. "आण रं सिराज, मला बघू दे."

नवऱ्याच्या या नादाला त्या आजवर नाकं मुरडत आल्या होत्या. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तारेकडे बराच वेळ बघितलं.

"हलतंय," त्या म्हणाल्या. "मला पण हलतंय."

सिराजने त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते तसूभरही हलत नव्हते. मग त्याने मालोजींकडे पाहायचं टाळलं.

"निघतो काकी एखादा पीस तसा." त्याने आठपटीची काढून दिली. "ही न्या. आणि काका, कोपरं कठड्यावर टेकवून बघा. मी पण तसंच बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुलावर गेली. मालोजींनी कठड्यावर कोपरं टेकवली. खंड्या एकच होता. चोचीतल्या माशाची शेपटीसुद्धा दिसत होती. त्यांना फार बरं वाटलं.

"तो पीस खराबच व्हता," ते म्हणाले.

"व्हताच मुळी." चंद्राबाईंनी थर्मासमधून चहा ओतला आणि कप त्यांच्या हातात दिला.

कप अर्धाच होता. गणपतीपासून त्या तो अर्धाच भरत होत्या. "साखर वाढलीय तुमची," म्हणायच्या, आणि मालोजी रोज कुरकुर करायचे.

आज ते कपाकडे बघत राहिले. चहा तर कधीपासून बिनसाखरेचाच होता.

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि सावकाश प्यायले. थेंबही सांडला नाही. मग रिकामा कप बायकोपुढे केला.

"आजून दे गं," ते म्हणाले. "अर्धाच दे."