नव्या घरातली पावलं

"इबू, आज आपल्या बाईसाहेब नव्या घरी!" कुशीतली वर्षभराची पाळीव घोरपड सांभाळत वेनिंगने सासूला हाक मारली.

"माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं," सासू फणकारली. पहाटेच तिने अंगणातल्या जाळीच्या घरातली माती उलट पावली झाडून काढली होती. मागे फक्त खराट्याच्या रेषा उरल्या होत्या.

आता मात्र दारापासून घोरपडीच्या पावलांचा माग आत गेला होता आणि मध्येच थांबला होता.

"कुणीतरी आधीच गृहप्रवेश केलाय!" हसत वेनिंगने तिला खाली सोडलं. घोरपड नेमकी त्याच ठशांवर पाय ठेवत निघाली. एकही चुकला नाही. शेवटचा ठसा उरला, तशी तिला उचलायला वेनिंग अनवाणीच आत धावली.

वेनिंगचं पाऊल आधीच उमटलेल्या माणसाच्या एका पावलात चपखल बसलं. पुढे तशी आणखी दोनच होती.