वांग्याखालचे दगड

“हे दगड कसले?” फौजदारांनी दरडावून विचारलं.

गच्चीवर उकिडवे बसलेले कमलाकांत धुरंधर दचकून उठले. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणखताने माखलेले. पायाशी टोपलीभर दगड. लिंबाएवढे, निवडून घेतलेले.

“वांग्यांसाठी,” ते म्हणाले.

मागच्या हवालदाराला हसू आलं. फौजदारांना आलं नाही. जानेवारी छप्पनचे दिवस. थोड्या वेळापूर्वीच ठाकूरद्वारच्या नाक्यावर पोलिसांच्या गाडीवर कुठल्याशा गच्चीतून दगड आले होते. एकेक गच्ची तपासत फौजदार इथवर चढले होते, आणि इथे तर टोपलीच सापडली.

“दगडांची भाजी करता होय? चला चौकीवर. त्या रोपाचा एक डबाही घे रे, पुरावा म्हणून.”

कमलाकांत म्हणजे गिरगावातला सर्वांत निरुपद्रवी माणूस. फोर्टातल्या एका साहेबी कंपनीत कारकून. मुंबई महाराष्ट्रालाच मिळायला हवी असं त्यांनाही वाटे, पण मनातल्या मनात. चाळीत रोज संध्याकाळी सभा भरे आणि शेजारचा अच्युत दारात येऊन हाक मारी. त्याला सांगायला काहीतरी कारण हवं, म्हणून त्यांनी गच्चीवर बाग काढली. “आलोच रे, एवढं पाणी घालून,” असं म्हणून जे वर जात, ते सभा संपल्यावरच उतरत.

बागेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. टोमॅटोसाठी त्यांनी चौपाटीची वाळू आणली. त्या खारट वाळूत रोपांनी माना टाकल्या. मेथीला इतकं पाणी पाजलं की ती कुजून गेली. शेवटी भायखळ्याच्या एका रोपवाल्याने सांगितलं, डब्याला भोकं पाडा, तळाशी दगड घाला, म्हणजे पाण्याचा निचरा होईल. तेव्हापासून ते रस्त्याच्या कामावरचे दगड पिशवीतून वेचून आणू लागले. आणि नवल म्हणजे घासलेटच्या कापलेल्या डब्यात वांग्याने जीव धरला. परवाच पहिलं जांभळं फूल आलं. ते बघायला त्यांनी बायकोला वर बोलावलं होतं.

शकूबाई आल्या नाहीत. त्या मोर्चांना जात, चौपाटीवर लाठीमार चुकवून आल्या होत्या. “बायको मोर्चात आणि नवरा वांग्यात,” एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून “वाढलंय” आणि “दूध संपलंय” यापलीकडे त्यांचं नवऱ्याशी बोलणं नव्हतं.

आता दोन पोलिसांच्या मधून कमलाकांत जिना उतरू लागले, तशी सगळी चाळ गॅलरीत लोटली.

“काका, तुम्ही?” अच्युतचा आवाजच चिरकला.

कमलाकांत खुलासा करायला तोंड उघडणार, तोच दुसऱ्या मजल्यावरून शकूबाई कडाडल्या, “अहो, एक अक्षर बोलू नका त्यांच्याशी!”

त्यातलं ते “अहो” कमलाकांतांना इतकं गोड लागलं की त्यांनी खरोखरच तोंड मिटलं.

चौकीत हवालदाराने डबा जमिनीवर उपडा केला. माती, शेणखत आणि शेवटी दगड. वांग्याचं रोप फरशीवर आडवं पडलं. “अरे अरे अरे!” म्हणत कमलाकांत खाली बसले. ओंजळीने माती गोळा करून मुळांभोवती दाबू लागले. फुलाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. डोळे भरून आले होते.

फौजदार हे बघत होते. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“म्हणजे खरंच वांग्यांसाठीच होते की हो! जा, घरी जा. आमचीच चूक झाली.”

एवढ्यात बाहेर गलका उठला. “धुरंधरांना सोडा! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” साऱ्या चाळीचा आवाज होता, आणि त्या सगळ्याच्या वर एक आवाज शकूबाईंचा.

“जाता जाता त्यांनाही सांगा, दगड कशासाठी होते ते,” फौजदार म्हणाले. “म्हणजे गर्दी पांगेल.”

कमलाकांत दारापर्यंत गेले. घुटमळले. परत टेबलाशी आले.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “सकाळपर्यंत मला ठेवून घेता येईल का?”

“वेड लागलंय का तुम्हाला? नोकरी आहे ना?”

“आहे.”

“ती जाईल.”

“जाईलही,” कमलाकांत म्हणाले. आपला आवाज कापत नाही याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

फौजदारांनी बाहेर कान दिला. “ही बाई कोण, एवढी ओरडतेय ती?”

“आमची मंडळी.”

फौजदारांनी एकदा कमलाकांतांकडे पाहिलं, एकदा फरशीवरच्या रोपाकडे. “आणि गच्चीवरच्या बाकीच्या डब्यांना पाणी कोण घालणार?”

“आज ती घालेल.”

फौजदारांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. खिडकीशी जाऊन ते साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे गरजले, “जामीनबिमीन काही मिळणार नाही! भयंकर माणूस आहे हा!”