साक्षीचा रकाना

खिंडीखालच्या त्या कचेरीतून वाहन परवाना न्यायचा, तर बुरुलसमोर उभं राहून वहीत सही करावी लागे. मग शेजारच्या साक्षीच्या रकान्यात बुरुल आपली सही करी.

त्या दुपारी ट्रकवाल्या मेदेरनं जाड लोकरी नमद्याची टोपी खिडकीत ठेवली. "वहिनी, ताश्तानबरोबर दहा वर्षं गाडी हाकली मी. तोंड बघून ओळखत नाही होय?"

"तोंडाचं काय घेऊन बसलात, भावोजी! माणूस स्वतः आला होता, हे सहीच सांगते. करा गुपचूप."

तो वाकला आणि तसाच थांबला. "ही थट्टा बरी नव्हे, वहिनी."

वरच्याच ओळीत ताश्तानची सही होती. बुरुलचा नवरा ताश्तान हिवाळ्यात ट्रकसकट दरीत गेला होता. त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. नवा परवाना मात्र अजून तिच्या खणात पडून होता.

"हे तुमचंच काम!" बुरुल फणकारली. "कोऱ्या कागदावर करून दाखवा त्याची सही!"

मेदेरनं प्रयत्न केला. कागदावर कोंबडीचे पाय उमटले. वहीतलं शेवटचं वळण मात्र ताश्तानचंच होतं, लगाम खेचल्यासारखं.

गळ्यातल्या किल्लीनं तिनं खण उघडला. परवाना नव्हता.

"मी जेवायला गेले तेव्हा इथं कोण आलं होतं? खरं सांगा!"

मेदेरनं नुसतं वहीवर बोट ठेवलं.

साक्षीच्या रकान्यात बुरुलची स्वतःची सही होती, आणि शाई अजून ओली होती.